सॉर्टी ठरते, विद्यार्थी येत नाही: बेळगावच्या उड्डाण प्रशिक्षकासाठी तपासणीचा क्रम

लक्षणं

सॉर्टी, म्हणजे प्रशिक्षणाचं एक उड्डाण, ठरूनही विद्यार्थी न येण्याचा हा बिघाड फ्रीलान्स प्रशिक्षक म्हणून काम करताना मी पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे, स्वतःच्या वेळापत्रकातही आणि सोबतच्या प्रशिक्षकांच्याही. तो दरवेळी साधारण असाच दिसतो. रविवारी आठवडा भरलेला असतो, बुधवारपर्यंत अर्धा रिकामा होतो. रात्री उशिरा निरोप येतो, ‘सर, उद्या जमत नाही.’ सकाळचा शांत हवेचा स्लॉट वाया जातो आणि अकरानंतर वारा उठला की तीन मुलं एकदम हजर होतात. लॉगबुक उघडलं तर एका सर्किटच्या (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांच्या) सॉर्टीनंतर पुढची थेट दोन आठवड्यांनी. पहिल्या सोलोच्या (एकट्याने उडण्याच्या) तोंडाशी आलेला मुलगा तिथेच अडकून पडतो. तुम्ही महिनाभर रोज सांब्र्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, हजर असता आणि बिलात तास निम्मेच भरतात. एक लक्षण मात्र नीट लक्षात ठेवा: ग्राउंड क्लास (जमिनीवरचा अभ्यासवर्ग) न चुकवणारा विद्यार्थी नेमकी सॉर्टीच चुकवतो.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की बहुतेक प्रशिक्षक आधी नियम कडक करतात. दंड लावतात, ग्रुपवर खडसावतात. त्याने आठवडाभर फरक पडतो. वेळ मोडणं ही वर दिसणारी खूण असते. खाली हवामान, रस्ता, कागदपत्रं, पैसा किंवा भीती यांपैकी काहीतरी असतं, आणि दंडाने यातलं एकही हटत नाही. म्हणून आधी कारण शोधायचं. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून अवघड तपासणीकडे जातो. मधली पायरी गाळू नका, कारण वरचं कारण बाकी असताना खालचं कारण ओळखूच येत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट असू द्या. आपल्या देशात उड्डाण प्रशिक्षक पूर्ण अर्थाने स्वतंत्र नसतो. परवान्यासाठी धरले जाणारे तास डीजीसीएची (नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थेतच उडावे लागतात. विमान, त्याची देखभाल, डिस्पॅच (उड्डाणाला सोडणं) आणि अंतिम रोस्टर हे सगळं संस्थेचं. तुमच्या हातात राहतं ते तुमच्या उपलब्ध वेळा, ग्राउंड क्लास, ब्रिफिंग, आणि विद्यार्थ्याला कोणत्या टप्प्यावर काय द्यायचं याचा क्रम. दुरुस्ती करायची ती याच भागात. विमानच मिळत नसेल तर विद्यार्थ्याला बोलून उपयोग नाही, ते गाऱ्हाणं संस्थेपुढे मांडायचं.

पहिली तपासणी: वही

खर्च शून्य. प्रत्येक मोडलेल्या सॉर्टीची एक ओळ लिहायची: तारीख, ठरलेली वेळ, कोणी रद्द केली, किती आधी कळवलं, सांगितलेलं कारण. पुढे एक रकाना कोरा ठेवायचा. खरं कारण दोन-चार दिवसांनी कळतं, ते तिथे भरायचं.

हा कोरा रकानाच सगळ्यात कामाचा. ‘अंगात बारीक ताप’ अशी नोंद असते आणि शेजारी नंतर लिहिलं जातं, ‘मेडिकलची (वैद्यकीय प्रमाणपत्राची) मुदत संपली होती, सांगायला लाजला.’ ‘घरी कार्यक्रम’ याच्यापुढे येतं, ‘खात्यात शिल्लक नव्हती.’ महिनाभर नोंदी ठेवल्या की ओळी आपोआप गटांत पडतात. पुष्कळदा असं दिसतं की ‘विद्यार्थी येत नाहीत’ म्हणून ज्यांची तक्रार होती, त्यांच्या बऱ्याच सॉर्टी हवामानाने किंवा विमानातल्या स्नॅगमुळे (तांत्रिक बिघाडामुळे) गेल्या आहेत. विद्यार्थी दोनदा येऊन रिकाम्या हाताने परत गेला आणि तिसऱ्यांदा आलाच नाही, असाही प्रकार यात सापडतो. अशा मुलाला बेशिस्त म्हणणं अन्यायाचं आहे. वही नसेल तर हा फरक कोणालाच दिसत नाही.

रद्द करणारे तुम्ही स्वतः असाल तर तेही त्याच रकान्यात, त्याच अक्षरात लिहा. दोन संस्थांची कामं आणि घरचे क्लास सांभाळणारा प्रशिक्षक वेळ सरकवत राहिला की मुलंही ती वेळ गांभीर्याने घेत नाहीत.

दुसरी तपासणी: निरोपात वेळ कोणती लिहिली आहे

‘उद्या सकाळी सात’ म्हणजे सातला गेटवर, सातला ब्रिफिंग की सातला इंजिन सुरू? तीन मुलांना विचारा, तीन उत्तरं येतील. त्यात विमानवाहतुकीचं सगळं यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) चालतं. नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) यूटीसीत, मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) यूटीसीत, आणि एखादा उत्साही विद्यार्थी स्लॉटही यूटीसीतच ग्रुपवर टाकतो. ०१३० यूटीसी म्हणजे आपले सकाळचे ७:००. इथे सहसा घोळ होत नाही, कारण रात्री दीडला कोणी विमानतळावर येत नाही. ०६०० यूटीसी म्हणजे मात्र सकाळचे ११:३०. तिथे एक जण सहाला येऊन बसतो आणि दुसरा साडेअकराला येतो.

उपाय साधा आहे. निरोपाचा साचा एकच ठेवा: भारतीय वेळ, हजर राहण्याची वेळ, इंजिन सुरू करण्याची वेळ, व्यायाम (त्या सॉर्टीतला उड्डाणाचा सराव) कोणता, विमान कोणतं. कंसात, टीपेत काही नको. संध्याकाळी ठरलेल्या वेळी निरोप गेला पाहिजे आणि विद्यार्थ्याचं उत्तरही त्याच रात्री ठरलेल्या वेळेआधी आलं पाहिजे. नुसता अंगठा नको, व्यायामाचं नाव लिहून उत्तर मागा. ‘होय सर, ७:४५ इंजिन, स्टॉल’ (स्टॉल म्हणजे पंखांची उचल तुटल्यावर विमान सावरण्याचा सराव) एवढं लिहिताना मुलगा उद्याचा विचार करतो, आणि ज्याला यायचं नाही तो इथेच अडखळतो. तुम्हाला रात्री आठलाच कळतं, दुसऱ्याला बोलवायला वेळ मिळतो.

तिसरी तपासणी: स्लॉट बेळगावच्या हवेत बसतो का

दिवसा नजरेच्या उड्डाणासाठी नियंत्रित विमानतळावर ५ किलोमीटर दृश्यमानता आणि ढगांचा तळ निदान १,५०० फूट लागतो. उड्डाणाची वेळ सूर्योदयाआधी २० मिनिटांपासून सूर्यास्तानंतर २० मिनिटांपर्यंत. जानेवारीत आपल्याकडे सूर्योदयच सातच्या सुमारास होतो, आणि निलजी-मुतग्याच्या शेतांवर धुकं असेल तर दृश्यमानता पाचपर्यंत यायला पुढे बराच वेळ लागतो. अशा महिन्यात सातचा स्लॉट देणं म्हणजे रद्द होणारी सॉर्टी कागदावर मांडणं. हिवाळ्यात सातला ग्राउंड आणि साडेआठ-नऊला सॉर्टी ठेवा, तक्रारी निम्म्यावर येतील.

उन्हाळ्यात उलटं. सांब्र्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जवळपास २,५०० फुटांवर आहे. त्या उंचीवर प्रमाण तापमान १० अंश धरतात. पारा ३५ अंशांवर गेला की तफावत २५ अंशांची. दर अंशाला साधारण १२० फूट या हिशेबाने घनता उंची (हवा विरळ झाल्याने विमानाला जाणवणारी उंची) सुमारे ५,५०० फुटांवर जाते. छोटं प्रशिक्षण विमान, दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन त्या हवेत चढताना किती रडतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वर गोकाक-सौंदत्तीकडच्या काळ्या रानावरून उठणारी गरम हवा. दुपारी बाराची सॉर्टी नवख्याला दिली की तो तासभर फक्त धक्के खातो, शिकत काही नाही, आणि पुढच्या दुपारी त्याचं डोकं दुखतं. ते नाटक नसतं. त्याच्या अंगाने दिलेलं ते उत्तर असतं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहतात ते वेगळंच.

जून ते सप्टेंबरचं काय सांगावं! सह्याद्रीची धार खानापूरपलीकडे लागूनच असल्यामुळे आमच्याकडे ढग दिवसेंदिवस खाली बसून राहतात. या काळात रोज सॉर्टी ठरवून रोज रद्द करण्याने मुलांना रद्द होण्याचीच सवय लागते, आणि ती सवय ऑक्टोबरात हवा उघडल्यावरही जात नाही. पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक करा: नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम आणि सिम्युलेटर हे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. हवा उघडली तर सॉर्टी, ती जादाची कमाई समजायची. डीजीसीएच्या पेपरला ७० टक्के लागतात. पावसाळ्यात पेपर काढून मोकळा झालेला मुलगा हिवाळ्यात नुसता उडतो, त्याच्या सॉर्टी मोडत नाहीत.

प्रवासी विमानांची वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. टॉवरला त्यांना आधी वाट द्यावी लागते. आपले सर्किटचे स्लॉट त्या दोन्ही वेळी नव्याने कापून घ्यायचे. जुन्याच वेळांना चिकटून बसलं की इंजिन सुरू ठेवून टॅक्सीवेवर थांबण्यात विद्यार्थ्याचे पैसे जळतात.

चौथी तपासणी: रस्ता

सांबरा शहरापासून दहाएक किलोमीटर. पण आपली मुलं फक्त शहरातली नसतात. खानापूर, चिक्कोडी, निपाणी, गोकाक, पलीकडून चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर. निपाणीचा मुलगा पाऊणशे किलोमीटर मोटारसायकल मारून सहाला हजर राहतो तेव्हा तो किती वाजता उठला, हे त्याला विचारा. तीनला उठून आलेला विद्यार्थी विमानात बसवण्याच्या लायक नसतो, मग तो कितीही उत्साही असो. ऊस तोडणीचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर दिवे नसलेल्या ट्रॉल्या, त्यात पहाटेचा अंधार. मला या प्रवासाची भीती उड्डाणापेक्षा जास्त वाटते.

लांबच्या मुलांच्या सॉर्टी आठवडाभर विखरू नका. लागोपाठ दोन किंवा तीन दिवस धरा, आणि आदल्या रात्री शहरात मुक्कामाला यायला सांगा. मित्राची खोली, पाहुण्यांचं घर, काहीही चालेल. झोप झाली पाहिजे.

सीमाभागाचं कॅलेंडर तर आपल्यालाच माहीत, बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाला ते कोणीतरी सांगावं लागतं. १ नोव्हेंबरला, राज्योत्सव आणि काळा दिन एकाच दिवशी असताना, शहराचं वातावरण काय असतं ते नव्याने लिहायला नको. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये अधिवेशन असलं की हलग्याच्या बाजूला बंदोबस्त, अडवलेले रस्ते आणि भरलेले लॉज. दोन्ही राज्यांत काही चिघळलं की एसटी आणि वायव्य कर्नाटकच्या बसेस सीमेवरूनच परत फिरतात, आणि गडहिंग्लजच्या मुलाला इच्छा असूनही येता येत नाही. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीनंतरची सकाळ आणि गणपती विसर्जनानंतरचा दिवस, या सॉर्टी लावूच नका. रात्रभर जागलेला मुलगा ‘मी फिट आहे सर’ म्हणणारच. गावची लक्ष्मी यात्रा कित्येक वर्षांनी येते. त्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, मुलाने निघून येणं घरच्यांना पटत नाही आणि पटावं असा आग्रहही मी धरत नाही. सौंदत्तीची यात्रा, चिंचलीची मायाक्का, सगळं जानेवारीत बसून वर्षाच्या तक्त्यावर मांडा. मुलांनाच भरायला सांगा, ती नेमक्या तारखा आणतात. अचानक वाटणारी कितीतरी गैरहजेरी वर्षभर आधी माहीत असलेली निघते.

पाचवी तपासणी: कागद

विद्यार्थ्याची मेडिकल, परवाना आणि विमानतळ प्रवेशपत्र यांच्या मुदती तुमच्याकडे एका तक्त्यात असू द्या. क्लास वन मेडिकल चाळिशीच्या आतल्याला १२ महिने चालते. नूतनीकरणाच्या तपासण्यांसाठी बेंगळुरूसारख्या ठिकाणी जावं लागलं की प्रवासासह तीन-चार दिवस सहज जातात, आणि डॉक्टरांनी एखादी चाचणी पुन्हा करायला सांगितली तर महिना. मुदत संपायच्या दोन महिने आधी आठवण करून द्या.

आपल्या भागाची एक खास अडचण नावाची आहे. कर्नाटक बोर्डाच्या मार्कशीटवर नाव आणि इनिशियल, आधारवर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर आडनाव आधी. एकाचं स्पेलिंग कन्नड उच्चारावरून, दुसऱ्याचं मराठीवरून. डीजीसीएच्या ऑनलाइन अर्जात हे जुळत नाही आणि मुलगा तहसीलदार, नोटरी, बोर्ड अशा फेऱ्या मारत राहतो. त्या फेऱ्यांच्या दिवशी तुम्हाला निरोप येतो, ‘सर, जरा काम आलंय.’ प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात सगळी कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर ताडून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

सहावी तपासणी: रिकामा स्लॉट कोण भरतो

प्रत्येक सकाळच्या स्लॉटला एक राखीव विद्यार्थी ठेवा. त्याला नुसतं बसवून ठेवू नका. त्याच वेळी त्याचं ग्राउंड किंवा नेव्हिगेशनचं काम तिथेच लावा, म्हणजे स्लॉट मिळाला नाही तरी त्याचा दिवस वाया जात नाही. पुढच्या आठवड्यात त्याला पहिला स्लॉट. हे पाळलं नाही तर दुसऱ्या महिन्यात राखीव राहायला कोणी तयार होत नाही.

सातवी तपासणी: पैसा

इथून पुढे काम अवघड आहे, कारण इथून पुढे मुलं खरं सांगत नाहीत.

कमर्शियल परवान्याला २०० तास लागतात. आपल्याकडे त्या तासांमागे पुष्कळदा ऊस उभा असतो. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने १४ दिवसांत बिल द्यायचं असतं, पण ते बँकेत कधी पडतं हे शेतकऱ्याला विचारा. निपाणीकडे तंबाखू, शहरात शैक्षणिक कर्जाचे हप्ते. बँक हप्ता सोडते सहामाहीच्या हिशेबाने आणि विमान उडतं तासाच्या हिशेबाने. मधे खातं रिकामं झालं की मुलगा ‘पोट बिघडलंय’ म्हणतो. वडील फोनवर सरळ बोलतात, ‘बिल जमा झालं की भरतो की सर.’ ते भरतातही. मधला महिना मात्र गेलेला असतो.

हा खंड किती महाग पडतो ते एका सॉर्टीत दिसतं. दोन आठवड्यांनी आलेला, सोलोच्या आधीचा विद्यार्थी बघा. डाउनविंडचे (धावपट्टीला समांतर उलट दिशेने जातानाचे) चेक तोंडपाठ असतात. फ्लॅप सोडले की नाक वर उठतं आणि त्याला दाबायला हात उशिरा पोचतो. बेसचं (धावपट्टीकडे वळतानाचं) वळण लांबतं. फायनलला (उतरण्याच्या शेवटच्या सरळ मार्गावर) वेग पाच-सात नॉट जास्त. फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) एक तर फार उंचावर सुरू होतो, नाहीतर होतच नाही, कारण नजर नाकासमोरच्या डांबरावर खिळलेली असते. दुसरं सर्किट तसंच. तिसऱ्याला नजर धावपट्टीच्या टोकाकडे सरकते, चौथ्याला चाकं हलकेच टेकतात आणि मुलाचा चेहरा उजळतो. तेवढ्यात तास संपतो. वडिलांनी त्या तासाचे पैसे भरले ते मुलगा दोन आठवड्यांपूर्वी जिथे होता तिथे परत आणण्यासाठी.

हे पालकांना समोर बसवून, लॉगबुक दाखवून सांगा. माझा आग्रह असा: सोलोपर्यंतच्या टप्प्याचे सगळे पैसे हातात असल्याशिवाय तो टप्पा सुरू करू नका, आणि सुरू केला की आठवड्याला किमान तीन सॉर्टी. पैसे यायला अवकाश असेल तर तोवर ग्राउंडचे पेपर. थांबायचंच असेल तर सोलोच्या किंवा क्रॉसकंट्रीच्या (लांब पल्ल्याच्या उड्डाणाच्या) टप्प्यानंतर थांबा, मधोमध नको. मुलापेक्षा शेतकरी बापाला हे पटकन कळतं.

रद्द करण्याचा नियम याच वेळी लिहून द्या, आधी नाही. २४ तास आधी कळवलं, हवामान बिघडलं, विमानात स्नॅग निघाला किंवा विद्यार्थी आजारी असला तर काही आकारायचं नाही. न कळवता गैरहजर राहिला तर फक्त तुमच्या ब्रिफिंगच्या वेळेचे पैसे. विमानाच्या तासाचे पैसे हा संस्थेचा विषय, त्यात तुम्ही शब्द देऊ नका. आजारपणाला कधीही दंड लावू नका. दंडाच्या भीतीने सर्दी झालेला मुलगा येऊन बसतो, आणि उतरताना कान बंद होऊन कळवळतो.

आठवी तपासणी: भीती

सगळ्यात शेवटी ही, कारण ती बाकीच्या सगळ्या कारणांचा वेष घेते. वही पुढे ओढा आणि मोडलेल्या सॉर्टींसमोर व्यायाम कोणता होता ते लिहा. एकाच मुलाची रद्द झालेली नावं स्टॉल, स्टॉल, फोर्स्ड लँडिंग (इंजिन बंद पडल्याचं धरून उतरण्याचा सराव) अशी निघाली आणि त्या दिवसांचं मेटार स्वच्छ होतं, तर हवामान, रस्ता, पैसा यांत आणखी शोधत बसू नका. एखादं जोराचं लँडिंग झाल्यावर, चेक नापास झाल्यावर किंवा बरोबरीच्या मुलाचा सोलो आधी झाल्यावर हे सुरू होतं. ग्राउंड क्लास तो चुकवत नाही हे सुरुवातीला सांगितलेलं लक्षण याच कारणाचं.

गावाने फटाके लावून, गेटवर अभिनंदनाचा फलक लावून पाठवलेला मुलगा ‘मला भीती वाटते’ हे कोणाला सांगणार? त्याला विचारून उपयोग नाही. एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) उभ्या थंड विमानात त्याला डावीकडे बसवा, तुम्ही उजवीकडे. इंजिन बंद. स्टॉलची सगळी क्रिया हाताने करून घ्या, बोलत बोलत, घाई न करता. मग तीस मिनिटांची सॉर्टी, त्यात एकच स्टॉल, तोही तुम्ही करून दाखवायचा, त्याने हात फक्त कंट्रोलवर ठेवायचे. पुढच्या वेळी उलटं. तास संपवण्याचा हट्ट सोडा. दोन-तीन छोट्या सॉर्टींत मुलगा मोकळा झाला तर वेळापत्रक आपोआप सुधारतं, निरोपाची उत्तरं लवकर यायला लागतात.

तरीही हलत नसेल तर त्याला दुसऱ्या प्रशिक्षकाबरोबर पाठवा. ही पायरी आपल्याला जड जाते हे मला माहीत आहे. पण कधी कधी मुलाला भीती विमानाची नसते, शेजारी बसलेल्या माणसाच्या आवाजाची असते.

इथे थांबा आणि योग्य माणसाला बोलवा

झोप न लागणं, जेवण सुटणं, सारखं रडू येणं, ‘मी सगळ्यांचं ओझं झालोय’ असं बोलणं. यातलं काहीही दिसलं की त्याचं उड्डाण त्याच दिवशी थांबवा आणि त्याला डॉक्टरांकडे न्या, शक्यतो डीजीसीएच्या यादीतल्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. तुम्ही समुपदेशक बनू नका. मेडिकल जाईल म्हणून लपवायला मदतही करू नका.

औषध चालू असेल तर ‘साधीच गोळी आहे’ हा निर्णय तुमचा नाही, वैद्यकीय परीक्षकाचा.

एकाच विमानाचा तोच स्नॅग परत परत येऊन सॉर्टी जात असतील तर स्नॅग बुकात लिहा आणि परवानाधारक इंजिनिअरची सही होईपर्यंत विमान घेऊ नका. स्लॉट वाचवण्यासाठी ‘आज चालेल’ म्हणणं तुमच्या अधिकारात बसत नाही.

वर्षाचं उत्पन्न जीएसटी नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेकडे सरकू लागलं, किंवा संस्था आणि तुम्ही यांच्यात मोडलेल्या तासांच्या पैशांवरून वाद झाला, तर सीए आणि गरज पडली तर वकील. तोंडी समजुतीवर पुढचा महिना काढू नका.

बुडालेले तास भरून काढण्यासाठी न उडलेला वेळ लॉगबुकात लिहा असं कोणी सुचवलं, विद्यार्थी असो, पालक असो की संस्थेतलं कोणी, तर तिथेच नकार द्या आणि तो लेखी द्या. यात तुमचा परवाना जाईल हे एक, आणि तो मुलगा उद्या प्रवाशांना घेऊन उडणार आहे हे त्याहून मोठं.

आणि आठही तपासण्या झाल्या, महिनाभर सॉर्टी नियमित झाल्या, तरी मुलगा त्याच व्यायामावर अडकला असेल, तर हा प्रश्न वेळापत्रकाचा राहिलेला नाही. चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरकडे प्रगती तपासणी मागा. जाताना वहीची पानं, लॉगबुक आणि प्रत्येक सॉर्टीनंतरचे तुमचे शेरे सोबत न्या, आणि विद्यार्थ्याला आदल्या दिवशी सांगा की हे का करतो आहोत, म्हणजे त्या सकाळीही तो येईल.